पंचवीस डॉलर आणि गव्हाचा डबा

आमच्या घरासमोर एक कासारीण राहायची. दिवाळीच्या तोंडावर बांगड्यांचा माल भरायला ती अम्मीकडून दोनशे रुपये न्यायची. अम्मी ते गव्हाच्या डब्यातून काढून द्यायची. कागद नाही, अंगठा नाही, व्याज तर नाहीच. आमच्याकडे अशा उसनवारीला कर्ज-ए-हसना म्हणतात. व्याज न घेता आणि फेडायला सवड देऊन दिलेलं कर्ज. दर बाजारच्या दिवशी दहा रुपये परत यायचे. एकदा लागोपाठ दोन बाजार कासारीण फिरकली नाही. अम्मी तिच्या घरी गेली. मला वाटलं, पैसे मागायला गेली. परतली ती कासारणीच्या धाकट्या पोराला कडेवर घेऊन. त्याला ताप होता आणि त्याला कुणाकडे ठेवणार म्हणून आईचा बाजार बुडत होता. चार-पाच दिवस ते पोर आमच्याकडे राहिलं. कासारीण बाजाराला गेली आणि दहा रुपये पुन्हा येऊ लागले.

हे आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याचा फोन. "मामू, मी केनियातल्या एका बाईला दुकानासाठी पंचवीस डॉलर कर्ज दिलंय." मी विचारलं, "तू तिला ओळखतोस?" तो म्हणाला, "फोटो बघितलाय ना!"

या प्रकाराचं मूळ शोधायला बांगलादेशात जावं लागतं. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांना सुफिया बेगम नावाची बाई भेटली. ती बांबूची स्टुलं विणायची. बांबूसाठी लागणारे पाच टका व्यापारी द्यायचा. अट अशी, की स्टूल त्यालाच विकायचं, तेही त्यानं ठरवलेल्या भावानं. दिवसभर राबून तिच्या हाती पन्नास पैसे उरायचे. युनूस यांनी गावातल्या अशा माणसांची यादी केली. ४२ जणांना मिळून हवे होते ८५६ टका, म्हणजे सत्तावीस डॉलरसुद्धा नाहीत. ते त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. त्यातूनच पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये बँकेला व युनूस यांना शांततेचं नोबेल मिळालं.

माझा भाचा ज्या 'किवा' संस्थेमार्फत कर्ज देतो, ती मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी २००५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. पहिली सात कर्जं युगांडातल्या टोरोरोमधल्या लहान व्यावसायिकांना दिली गेली. रीत सोपी आहे. इंटरनेटवर कर्ज मागणाऱ्याचा फोटो आणि त्याची हकिकत वाचायची आणि पंचवीस डॉलरपासून पुढे रक्कम द्यायची. अनेकांची रक्कम मिळून एक कर्ज होतं. वसुली तिथली स्थानिक संस्था करते. पैसे परत आले की ते काढून घ्या किंवा दुसऱ्याला द्या. देणाऱ्याला व्याज मिळत नाही.

पण फोटोमागे दोन गोष्टी असतात. पहिली, बहुतेक वेळा त्या बाईला कर्ज आधीच मिळालेलं असतं. आपले पैसे स्थानिक संस्थेची तिजोरी पुन्हा भरतात. डेव्हिड रूडमन या अभ्यासकानं २००९ मध्ये हे उघडपणे मांडलं, तेव्हा किवानंही आपला खुलासा अधिक स्पष्ट केला. दुसरी गोष्ट व्याजाची. आपल्याला व्याज मिळत नसलं, तरी त्या बाईला ते बहुधा भरावं लागतंच.

हे व्याज जास्त का असतं? पाच लाखांच्या एका कर्जाला एक अर्ज पुरतो. दहा हजारांच्या पन्नास कर्जांना पन्नास अर्ज, पन्नास घरं आणि वसुलीच्या पन्नास फेऱ्या लागतात. त्यातही एक मेख आहे. दहा हजारांवर वर्षाला बारा टक्के, म्हणजे बाराशे रुपये, असं कुणी सांगितलं तर स्वस्त वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागतं. खरा दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो.

आणि एवढं करून गरिबी हटते का? बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की थोडा फायदा होतो, आयुष्य पालटत नाही. कुणाचा धंदा वाढतो, कुणाला अडीनडीला आधार मिळतो, इतकंच. आंध्र प्रदेशात तर एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, असा फेरा सुरू झाला. वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ मध्ये आला.

मग बिनव्याजी कर्ज मोठ्या प्रमाणावर देता येतच नाही का? लाहोरच्या 'अखुवत' संस्थेनं २००१ मध्ये एका विधवेला दहा हजार रुपयांचं पहिलं कर्ज दिलं आणि पुढे हे काम पाकिस्तानभर पसरलं. कर्जवाटप मशिदीत होतं, तसं चर्चमध्येही होतं. संस्थापक डॉ. अमजद साकिब यांना २०२१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथं व्याज नाही, पण खर्च आहेच. तो देणगीदार उचलतात आणि त्यांत जुने कर्जदारही असतात. बिनव्याजी कर्जाचा भार कुणीतरी उचलावाच लागतो. आमच्या घरी तो अम्मीनं कडेवर उचलला होता.

भाच्याला मी म्हटलं, कर्ज जरूर दे. पण आधी तीन प्रश्न विचार. ती संस्था त्या बाईकडून एकूण किती घेते? व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर? आणि हप्ता थकला तर संस्थेचा माणूस तिच्या दारात जाऊन काय करतो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं आठवड्याभरात शोधली. तिसऱ्याचं तो अजून शोधतो आहे. मी त्याला सांगितलंय, ते मिळाल्याशिवाय पुढचे पंचवीस डॉलर देऊ नकोस.