खेळ दाखवण्याचे कष्ट

व्हिडिओ गेम खेळताना थेट दाखवण्याचं संकेतस्थळ ट्विच सुरू झालं २०११ च्या जूनमध्ये. ॲमेझॉननं २०१४ मध्ये ते सुमारे ९७ कोटी डॉलरला विकत घेतलं, तेव्हा कुणीतरी तिसराच व्हिडिओ गेम खेळतोय हे बघत बसण्यात लोकांना एवढं काय मिळतं, असा प्रश्न बाहेरच्यांना पडला. एमआयटीतल्या समाजशास्त्रज्ञ टी. एल. टेलर मात्र व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या जगात त्याच्या कितीतरी आधीपासून वावरत होत्या. त्यांचं ‘वॉच मी प्ले’ हे पुस्तक २०१८ मध्ये आलं. या विषयात उतरायचं असेल, तर सुरुवात याच पुस्तकापासून करावी.

टेलर यांनी असा खेळ थेट दाखवणाऱ्या स्ट्रीमर मंडळींशी सविस्तर बोलून, त्यांचं काम जवळून पाहून लिहिलं. त्यामुळे पडद्यावर न दिसणारं बरंच काही पुस्तकात आलं. हात खेळात गुंतलेले, तोंडानं अखंड बोलणं चालू, एक डोळा प्रेक्षकांच्या चॅटवर, शिवाय आवाज नीट जातोय ना याची धास्ती. हरतानाही बघणाऱ्याला धरून ठेवावं लागतं. एरवी घरात एकट्यानं खेळायचा खेळ इथे चारचौघांसमोरचा प्रयोग होतो आणि त्याला प्रयोगाइतकीच मेहनत लागते.

पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या नात्याचा अभ्यास मात्र जुना आहे. संशोधक हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जुळणारं एकतर्फी नातं मांडलं होतं. ट्विचवर समोरचा माणूस तुमचं नाव घेऊन उत्तर देतो. पण कुठवर? हॅमिल्टन, गॅरेटसन आणि कर्न यांनी २०१४ च्या निबंधात दाखवलं, की छोट्या चॅनेलवर ओळखीपाळखीचा कट्टा जमतो. गर्दी वाढली की चॅट इतक्या वेगानं सरकतं की वाचताच येत नाही. स्ट्रीमरला पैसा हवा तर गर्दी हवी, आणि गर्दी झाली की ज्यासाठी लोक आले तो कट्टाच मोडतो. मला हे या धंद्याचं सगळ्यात अवघड दुखणं वाटतं.

तरीही कट्टा जमेल तितका शाबूत ठेवतात ते चॅटवर लक्ष ठेवणारे मॉडरेटर. शिवीगाळ पुसायची, नव्या माणसाला सामावून घ्यायचं, भांडण वेळीच थांबवायचं. बहुतेक जण हे फुकट करतात. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय स्ट्रीमर यांच्या वाट्याला येणारा छळ पाहिला, की या फुकटच्या कामावर किती भार आहे ते कळतं. टेलर अभ्यासावर थांबल्या नाहीत. मॉर्गन रोमाइन यांच्याबरोबर त्यांनी ‘एनीकी’ ही संस्था उभी केली. स्पर्धात्मक गेमिंगमध्ये सगळ्यांना जागा मिळावी, यासाठी ती काम करते.

कमाईची बाजू पाहायची, तर संशोधक मार्क जॉन्सन आणि जेमी वुडकॉक यांनी पोटासाठी स्ट्रीमिंग करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. अपंगत्व किंवा मानसिक आजार घेऊन जगणाऱ्या स्ट्रीमरवर जॉन्सन यांनी वेगळं लिहिलं, आणि ते लिखाण मला सर्वांत मोलाचं वाटतं. ज्यांना नोकरीची दारं बंद होती, त्यांना घरबसल्या कमाई आणि सोबत मिळाली. पण दुखणं बळावलं म्हणून चार दिवस विश्रांती घेतली, की प्रेक्षक दुसऱ्या चॅनेलवर जातात, आणि इथे आजारपणाची भरपगारी रजा द्यायला कुणी मालक नसतो.