लग्नपत्रिकेच्या दुकानात लिनक्स

छपाई करणारे असोत की जरीकाम करणारे, आपल्या बहुतेक व्यापारी बंधूंच्या दुकानात आज संगणक आहे. त्यातील सॉफ्टवेअर कोठून आले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. दुरुस्तीवाला येतो, पेन ड्राइव्हमधून काहीतरी टाकून जातो आणि काम सुरू होते. परवान्याचा कागद कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ६३-ब सांगते की, जाणूनबुजून अशी बेकायदा प्रत वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती वापराबाबत न्यायालय नरमाई दाखवू शकते. धंद्यातील वापराला ती सवलत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. आमच्याकडील दोन्ही जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. नवे घ्यायचे तर सीझनची कमाई त्यातच गेली असती. म्हणून आम्ही लिनक्स मिंट बसवले. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. तो कोणालाही वापरता, बदलता आणि दुसऱ्याला देता येतो, तोही कायद्याने. मिंटला चार जीबी मेमरी पुरते. इतके जुने यंत्र कोणी भंगारात घालू नये.

आमचे मुख्य काम लग्नपत्रिकांचे. मराठी आणि उर्दू, दोन्ही. खरी कसोटी येथेच लागली. उर्दूसाठी आपले कातिब लोक वर्षानुवर्षे इनपेज वापरत आले. ते विंडोजवरचे, त्याच्या जुन्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडत नाहीत. नवा मजकूर मात्र नोटो नस्तालिक या मोफत फॉन्टमध्ये उजवीकडून डावीकडे बरोबर बसतो. कातिबाच्या हाताची नजाकत त्यात नाही, हे गिऱ्हाईकही ओळखते. मराठीचे दुखणे निराळे. पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसल्याने उघडताच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नेहमीचे मसुदे आम्ही पुन्हा टाइप करून घेतले. ऑपरेटरला इनस्क्रिप्टची कळफळी हाताखाली यायला दोन आठवडे लागले. त्या काळात त्याची कुरकुर आम्ही मुकाट्याने ऐकली.

वेलबुट्टी आणि मांडणीसाठी इंकस्केप घेतले. तयार कोऱ्या पत्रिकेवर एका रंगात छापायचे असेल, तर त्यातून ट्रेसिंगवर पॉझिटिव्ह काढून स्क्रीन बनवता येते. काही अडत नाही. चार रंगांचे ऑफसेट असेल तर गोष्ट वेगळी. इंकस्केप पडद्याच्या रंगांत विचार करते, प्रेसला सीएमवायके लागते. तेव्हा शेवटची फाइल स्क्रायबसमधून काढावी लागते. भरतकाम करणाऱ्या बंधूंसाठी एक माहिती: इंकस्केपला इंक-स्टिच नावाची जोड मिळते. तिच्यातून मशिनसाठी डीएसटी फाइल निघते, आणि तीही फुकट.

प्रिंटरने मात्र रडवले. एका कंपनीचा साधा लेझर प्रिंटर लिनक्सला ओळखायला तयारच नव्हता. तीन दिवस खटपट करून आम्ही तो मित्राच्या विंडोज यंत्राला जोडून दिला आणि चालणारा दुसरा घेतला. लिनक्स फुकट आहे म्हणणाऱ्यांनी हा खर्चही मोजावा.

हिशेबाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जीएसटीची विवरणपत्रे ब्राउझरमधून भरता येतात. पण हिशेबनिसाला टॅलीच हवी आणि टॅली विंडोजवरच चालते. ग्नूकॅश दाखवले, तर त्यांनी मान हलवली. तेव्हा एक यंत्र परवान्याच्या विंडोजवर ठेवले आहे. टॅली आणि जुनी इनपेज कामे तेथे, बाकी सर्व मिंटवर.

ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवावे. डिस्कला हात लावण्याची गरज नाही. प्रिंटर जोडून एक पत्रिका छापून पाहावी. तो चालला आणि फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली, की मगच विंडोज काढावे. आणि हे काम रमजान किंवा लग्नसराईच्या तोंडावर काढू नये.