जुन्या जीपचा गंज, घरचा इलाज

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पावसात उभ्या जीपला गंज लवकर चढतो. गॅरेजात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी आम्ही हा उपाय देत आहोत.

प्लॅस्टिकच्या बादलीत ४ लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालावा. गंजलेला लोखंडी भाग १२ व्होल्ट चार्जरच्या ऋण तारेला, भंगार लोखंडी पट्टी धन तारेला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू नयेत. निघणारा वायू पेटतो, म्हणून काम उघड्यावर, बिडी-काडी दूर. पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद!

स्टेनलेस स्टीलची पट्टी नको. पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. ॲल्युमिनियमही सोड्यात खराब होते.

केवळ उस्ताद सांगतो म्हणून करू नये, कारण विचारावे. तथागतांची ही शिकवण गॅरेजातही हातपाय वाचवते.