चूक कुठल्या शाळेतून आली? मोठेपणी मराठी शुद्धलेखन सुधारताना

बचत गटाच्या बैठकीचा वृत्तान्त लिहायची वेळ आली की वही एकीकडून दुसरीकडे सरकत जाते. "माझं शुद्धलेखन कच्चं आहे गं, तूच लिही." मराठी बोलण्याची अडचण नसते, विषय निघाला तर हीच बाई तासभर बोलेल. अडतं ते वेलांटी-उकारापाशी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरी मराठी आणि शाळा कन्नड किंवा इंग्रजी, अशा घडणीची कितीतरी माणसं आज तिशी-चाळिशीत आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी एकदा चूक काढून हसलं की ती पुढच्या वेळी रोमन लिपीत लिहितात, नाहीतर नुसता अंगठा पाठवतात. निवेदन, अर्ज, पत्रिका लिहायला मग कुणीच पुढे येत नाही.

अशांना मदत करायला बसणारे बहुतेक जण थेट नियमांचं पुस्तक उघडतात. पण मोठ्या माणसाच्या चुका वाटेल तशा झालेल्या नसतात. त्या कुठल्या शाळेतून आल्या, हे आधी पाहिलं तर निम्मं काम सोपं होतं.

कन्नड पाटीवर निपाणीचं नाव वाचलं तर शेवटची वेलांटी ह्रस्व दिसते: निप्पाणि. हुबळीचंही तसंच, हुब्बळ्ळि. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी ह्रस्व इ-उ येणं नेहमीचंच. दहा वर्षं तेच गिरवलेला हात मराठीत 'पाणि', 'मुलगि', 'वाळु' लिहून जातो. मराठीत मात्र शेवटचा इ-उ दीर्घ लिहायचा: पाणी, मुलगी, वाळू. 'आणि', 'परंतु', 'तथापि' असे थोडे शब्द त्याला अपवाद. याच माणसाला 'ळ' आणि 'ण' सहसा चुकत नाहीत, कारण कन्नडमध्ये ते पक्के झालेले असतात. शिकवणाऱ्याने हे आधी सांगावं. त्याने धीर येतो, आणि ते खरंही आहे.

इंदूर-ग्वाल्हेरकडे वेगळी तऱ्हा. हिंदीत कवि, व्यक्ति, शक्ति बरोबर. मराठीत हेच संस्कृत शब्द सुटे लिहिले की कवी, व्यक्ती, शक्ती होतात. समासात गेले की ह्रस्व परत येतो, जसं 'शक्तिप्रदर्शन'. शिवाय हिंदीच्या शाळेत 'ळ' भेटत नाही, त्यामुळे 'काळ'चा 'काल' होतो.

गोव्यात देवनागरी कोकणीची सवय असेल तर 'घरात'च्या जागी 'घरांत' उतरतं. कोकणीत ते योग्यच आहे. मराठीत आज 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. पूर्वी मराठीतही एका घरासाठी हा अनुस्वार देत असत. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम महाराष्ट्र शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, 1972 मध्ये आणखी 4 आले, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. घरातले आजोबा 'नांव', 'पांच' लिहितात, एखाद्या जुन्या पाटीवर 'बेळगांव' दिसतं, ते त्याआधीच्या वळणाचं. आजोबांची चूक काढायला जाऊ नये.

सुरुवात दहा ओळींनी करावी. विषय शिकणाऱ्याच्या कामाचा हवा: वीजबिलाची तक्रार, पुलाच्या कामाचं निवेदन. लाल शाईने कागद रंगवू नये. चुका वीस दिसल्या तरी त्यांचे प्रकार बहुधा दोन-तीनच निघतात. त्यातला एकच धरायचा, आठवडाभर तेवढाच तपासायचा, बाकी चुकांकडे चक्क दुर्लक्ष करायचं. शिकवणाऱ्याला हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

शेवटची वेलांटी हाताला बसली की तिच्या आधीच्या अक्षराकडे वळावं. इथे जोड्या पाठ करणं कामी येतं: वीज–विजेचं, पूल–पुलाचं, जमीन–जमिनीचा, मजूर–मजुराला, वकील–वकिलाने, गरीब–गरिबाला. शब्द 'अ'ने संपत असेल तर आधीचा इ-उ दीर्घ. पुढे प्रत्यय लागून शब्द लांबला की तो ह्रस्व होतो. मोठ्याने म्हणून पाहावं. 'मजूर' म्हणताना जीभ 'जू'वर रेंगाळते, 'मजुराला' म्हणताना ती तिथून पटकन पुढे जाते. मराठी बोलणाऱ्याचा कान हे आधीच जाणतो, हाताला फक्त ते ऐकायला शिकवायचं असतं.

पण हा कान एका ठिकाणी दगा देतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ वळण सोडत नाहीत. 'दिन', 'गुण', 'विष' बोलताना लांबतात, लिहिताना मात्र ह्रस्वच. म्हणून मार्च महिन्यात बॅनरवर 'महिला दीन' झळकतं. 'दीन' म्हणजे गरीब, बिचारा! छापणाराही कानावरच गेलेला असतो. 'परीक्षा', 'पूजा' यांचा दीर्घही असाच कायम: परीक्षेला, पूजेला. या शब्दांना युक्ती नाही, ते डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात.

त्यासाठी छोटी वही बरी. छापील यादी उतरवून काढू नये, स्वतःचे चुकलेले शब्दच लिहावेत, प्रत्येकासमोर त्याचं प्रत्यय लागलेलं रूप. शंका आली तर अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' पाहावा. त्यात शब्दाबरोबर सामान्यरूपही सापडतं. फोनचा कीबोर्ड सुचवेल तो पहिला शब्द मात्र डोळे झाकून घेऊ नये.

आणि बचत गटाची वही पुढच्या बैठकीत त्याच बाईकडे द्यावी. वृत्तान्त तिनेच लिहावा, वाचूनही तिनेच दाखवावा. तपासणारीने त्या दिवशी फक्त शेवटच्या वेलांट्या पाहाव्यात.