अंगणात घडलेला सायलेन्सर

गेल्या जानेवारीत भाईजान मानवतहून भरलेल्या कापसाच्या गाठी पोहोचवून परतले, ते डोके धरूनच. भाभी म्हणाल्या, "जागरण झाले असेल." पण सलग तिसऱ्या फेरीलाही तेच झाले. शेवटी अब्बांनी केबिनमधली रबरी चटई उचलली. खालचा पत्रा एका जागी काजळीने काळा झाला होता. गाडीखाली वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारा पाइप गंजून फुटला होता आणि धूर सरळ केबिनखाली साचत होता.

आम्ही शाळेत मुलांना कार्बन मोनॉक्साइड शिकवतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. पेट्रोलच्या मानाने डिझेलच्या धुरात तो कमी असतो, पण त्या धुराचे इतर दोष थोडे नाहीत. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केला. हे सारे फळ्यावर लिहिणारे आम्ही, आणि घरचाच माणूस तो धूर घेत रात्रभर गाडी चालवत होता.

गाडी वीस वर्षांहून जुनी. तिच्या मापाचा तयार पाइप बाजारात मिळेना. एका मेकॅनिकने सोपा उपाय सांगितला, "सायलेन्सर काढून टाका, सरळ पाइप मारतो." भाईजानचा मोठा मुलगा खूश झाला. आवाज दमदार येईल, असे त्याचे म्हणणे. अब्बा एवढेच बोलले, "पहाटे गाडी निघते तेव्हा गल्लीत आजारी माणसे झोपलेली असतात, लेकरे झोपलेली असतात. त्यांनी काय केले?"

कायदाही अब्बांच्याच बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 120 प्रमाणे सायलेन्सर असलाच पाहिजे. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडून गाडी चालवली तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 190 खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम 112 सांगतो की, धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही. मागे किंवा उजवीकडे सोडायचा. कारण उघड आहे. डावीकडे रस्त्याच्या कडेने माणसे चालतात. नियम 113 प्रमाणे डिझेलच्या नळीपासून हा पाइप निदान 35 मिलिमीटर दूर हवा. म्हणून ठरले की, पाइप घरी घडवायचा, पण मूळच्याच वाटेने आणि मूळच्याच मापाचा. सायलेन्सरचा डबा मात्र तयार घ्यायचा. डब्याच्या आत भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात. धूर त्यांतून वळणे घेत जातो आणि आवाज मंदावतो. हे काम अंगणात जमणारे नव्हे.

पाइप अरुंद झाला तर धूर अडतो, इंजिन तापते, चढावर गाडी दम टाकते. म्हणून आतला व्यास आम्ही जुन्या तुकड्यावरून मोजून घेतला. अब्बांनी बोअरचा पडून असलेला जस्ती पाइप काढला होता. शेजारचे वेल्डिंगवाले चाचा तो पाहताच म्हणाले, "हा ठेवून द्या." जस्तावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. पैसे वाचवायच्या नादात आमच्याच हातून चूक होणार होती. मग साधा लोखंडी पाइप आणला.

वाक देताना पाइपमध्ये पूर्ण कोरडी वाळू ठासून भरली, म्हणजे पाइप चेपत नाही. वाळू ओली असेल तर तापल्यावर वाफ होऊन ती अंगावर उडते. म्हणून ती आदल्या दिवशी उन्हात वाळवून घेतली. गाडी सपाट जागी उभी केली, चाकांना दगड लावले आणि गाडीवर फक्त खडूने खुणा केल्या. वेल्डिंग सगळे खाली जमिनीवर, डिझेलच्या टाकीपासून दूर. गाडीवरच वेल्डिंग करावे लागले तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. मुलांना घरात बसवले होते, कारण वेल्डिंगच्या उजेडाकडे पाहिले की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते.

पाइप चासीला घट्ट जोडला नाही. इंजिन हलते, चासी वेगळी हलते. कडक जोड तडकतोच. म्हणून मध्ये लवचिक तुकडा घातला आणि पाइप रबराच्या टांगण्यांवर लटकवला. मॅनिफोल्डचे पॅकिंग नवे टाकले. कापसाच्या गाठींसाठी हे जास्तच महत्त्वाचे. फुटक्या पाइपातून एक ठिणगी उडाली असती तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करायचे, जाड ओल्या कापडाने पाइपचे मागचे तोंड क्षणभर दाबायचे आणि सांध्यांजवळ कान द्यायचा. एका सांध्यातून फुसफुस ऐकू आली. तो उतरवून पुन्हा केला. नंतर पीयूसी करून घेतले. एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडी काळा धूर सोडत असेल तर तो दोष पाइपचा नसतो. एअर फिल्टर आणि इंजेक्टर तपासावे. आणि धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या नव्या बीएस-6 गाड्यांवर हे प्रयोग मुळीच करू नयेत.

पुढच्या फेरीला भाईजानसोबत त्यांचा मुलगा गेला. पहाटे फजरच्या सुमारास गाडी गल्लीत शिरली, तेव्हा आम्हाला फाटकाची कडी वाजल्यावरच कळले. भाईजान उतरले, हात-पाय धुतले आणि चहा मागितला. डोकेदुखीची गोळी मागितली नाही. मुलगा मात्र जरा नाराज होता. "आवाजच येत नाही," तो म्हणाला. अब्बा हसून म्हणाले, "बेटा, त्यासाठीच तर आठ दिवस घातले."

आता दर दोन महिन्यांनी केबिनची चटई उचलून पाहायचे काम त्याच्याकडे दिले आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर आजच एकदा पाहा.