जलरंग, सायकल आणि मुंबईचा किनारा

समुद्राचे चित्र काढावयास सांगितले, की मुलांचा कुंचला प्रथम निळ्या वडीकडे जातो. क्षितिजावर अर्धा सूर्य, एक शिडाची होडी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी! ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही ती मुले हेच काढतात आणि ज्यांनी पाहिला आहे तीही हेच काढतात. आम्ही इतिहास शिकवीत असलो, तरी काही वर्षे चित्रकलेचा तासही आमच्याकडे होता. पाहिल्यावाचून काढण्याची ही सवय कशी मोडावी, या विचारातून आम्ही सुटीत सायकलवर रंगपेटी बांधून मुंबईच्या किनाऱ्याने हिंडू लागलो.

सायकलच का? बस थांब्यावरच थांबते आणि पायी फार पल्ला गाठता येत नाही. सायकल मात्र दृश्य दिसेल तेथे उभी करता येते. साहित्यही थोडेच लागते: 12 वड्यांची पेटी, दोन कुंचले, गोड्या पाण्याची बाटली, फडके आणि फळीवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसविलेला जाड कागद. पातळ कागद ओला होताच सुरकुततो आणि मोकळा कागद वारा उडवून नेतो. हे दोन्ही धडे आम्ही पहिल्याच दिवशी घेतले.

मुंबईस पूर्वेला बंदर व पश्चिमेला खुला समुद्र असल्याने दिवसाची आखणी आपोआप होते. सकाळी पूर्व किनारा धरावा. 1924 साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर बेसाल्ट कोवळ्या उन्हात उजळतो. ऊन झपाट्याने सरकते, म्हणून सावल्यांच्या कडा आधी पेन्सिलीने आखून घ्याव्यात. तेथून जवळच 1875 सालची ससून गोदी आहे. आत बसण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि कामकऱ्यांची वाट अडवू नये. मासळी निवडणाऱ्या स्त्रिया क्षणभरही स्थिर नसतात. तेथे रेखीव चेहऱ्यापेक्षा वाकलेल्या पाठीची एक खरी रेषा अधिक सांगते.

जलरंगात उजेड पांढऱ्या रंगाने दाखवीत नाहीत; त्यासाठी कागदच कोरा सोडावा लागतो. म्हणून काय रंगवायचे याआधी काय सोडायचे, हे ठरवावे लागते. दमट हवेत पहिला हात लवकर वाळत नाही. घाईने दुसरा दिला, तर आकाश पाण्यात उतरते! तेवढ्या वेळात दुसरा कागद घ्यावा, किंवा नुसते पाहत बसावे.

सायंकाळी मरीन ड्राइव्ह. तेथील सुबक वळण निसर्गाचे नाही. समुद्रात भराव घालून माणसांनी ही जमीन उभी केली आणि 1920च्या दशकातील बॅकबे भरणीचा त्यात मोठा वाटा होता. ही माहिती आम्ही वर्गात अनेकदा सांगितली होती. परंतु कठड्याची रेषा कागदावर उतरविताना त्या दगडामातीमागचे श्रम प्रथमच डोळ्यांपुढे आले.

एकदा दोन विद्यार्थी बरोबर होते. गोदीजवळ बसलेल्या एकाने बराच वेळ पाणी न्याहाळले आणि तपकिरीत थोडा हिरवा व करडा मिसळून समुद्र रंगविला. मुंबईच्या गाळमिश्रित पाण्याचा रंग तोच आहे. मग त्याने हळूच विचारले, “सर, निळा नाही दिला तर गुण कापतील का?” आम्ही निरुत्तर झालो, कारण आजवर निळ्या समुद्रालाच गुण देणारे आम्हीच होतो.

ते चित्र आम्ही वर्गात लावले. पुढच्या तासाला समुद्राऐवजी वसतिगृहामागील विहीर काढावयास सांगितली आणि सर्वांना आधी विहिरीपाशी नेले. त्या दिवशी निळी वडी फारशी झिजली नाही.