वरातीतला अपघात आणि बँडवाल्याचे घर

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका बँडमालकांकडे लग्नाची वरात होती. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मागे ट्रॉलीवर जनरेटर आणि दोन मोठे स्पीकर, पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल आणि दोन्ही बाजूंना दिवे धरणारी पोरे. मंगल कार्यालयाच्या फाटकाजवळ ट्रॉलीचे चाक गटाराच्या झाकणावरून घसरले. वरचा स्पीकर कलंडला आणि कडेला वरात बघत उभ्या असलेल्या एका आजींच्या अंगावर पडला. खुब्याचे हाड मोडले. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण ऑपरेशन झाले, पुढचे तीन महिने अंथरुणात गेले.

खर्च कोणी द्यायचा? मुलाकडचे म्हणाले, आम्ही बँड ठरवला, ट्रॉली आम्ही ओढली नाही. कार्यालयवाल्यांनी बुकिंगचा कागद पुढे केला. त्यावर बारीक अक्षरात छापले होते की बाहेरून आणलेल्या वाजंत्रीची सर्व जबाबदारी वाजंत्रीवाल्यांची. शेवटी भार चाचांवर आला. चाचींच्या बांगड्या गेल्या, बिशीचे पैसे गेले, आदल्याच वर्षी घेतलेला युफोनियम निम्म्या किमतीत विकावा लागला. आजींच्या मुलाने बिलापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही, हे इथे सांगितले पाहिजे. कोणीही वाईट वागले नव्हते. तरी दोन घरे अडचणीत आली.

आम्ही चाचांना विचारले, विमा नव्हता का? ते म्हणाले, "आहे की! बँकेतून दरसाल वीस रुपये कटतात." तेव्हा लक्षात आले की हा घोळ आपल्या अनेक घरांत असणार. म्हणून हा लेख.

आधी दोन गोष्टी स्पष्ट

संगीताच्या बाबतीत उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत. त्यात हा लेख शिरत नाही. पण बँड, सनई-चौघडा, तबला-हार्मोनियमचे क्लास, सतारी-तंबोऱ्यांचे काम यांवर महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटत आली आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर मिरजेत आहे, आणि त्याच मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही घरे आपली आहेत. त्यांच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर हक्क कसा फेडायचा, हा प्रश्न सर्वांनाच लागू आहे.

दुसरी गोष्ट विम्याची. त्याबद्दल शरियतचा विचार पुढे येईलच.

वीस रुपयांचा विमा कशाचा?

विमे तीन प्रकारचे आहेत, असे समजा. पहिला आपल्या शरीराचा. चाचांचे वीस रुपये कटतात ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला त्यात संरक्षण मिळते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये, अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख. स्पीकर चाचांच्या अंगावर पडून असे काही झाले असते, तर ही योजना कामाला आली असती. आजींसाठी तिचा काही उपयोग नव्हता.

दुसरा विमा आपल्या मालाचा. वाद्ये चोरीला जाणे, गोदामाला आग लागणे, यासाठी तो घेतात.

तिसरा विमा आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर. कंपन्या त्याला सार्वजनिक दायित्व विमा किंवा पब्लिक लायबिलिटी पॉलिसी म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांना याचा एक प्रकार माहीत आहे, तो म्हणजे गाडीचा थर्ड पार्टी विमा. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. बँडवाल्याला, गायकाला, क्लास घेणाऱ्या उस्तादांना मात्र अशी सक्ती नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, पण भोपाळच्या वायुकांडानंतर तो घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी केला गेला. नाव सारखे असले तरी वरातीशी त्याचा संबंध नाही. आपल्याला लागणारी पॉलिसी ऐच्छिक आहे. साधारण विमा कंपन्यांकडे ती मागून घ्यावी लागते.

ही पॉलिसी काय देते, काय देत नाही

तिचे काम एवढेच, की आपल्या निष्काळजीपणामुळे परक्या माणसाला इजा झाली, त्याचा जीव गेला किंवा त्याच्या वस्तूचे नुकसान झाले आणि कायद्याने आपण भरपाई देणे लागत असू, तर ती भरपाई मर्यादेपर्यंत कंपनी देते. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्चही त्यात येतो. क्लासमध्ये वायरला पाय अडकून विद्यार्थ्याचा हात मोडला, हॉलमध्ये दिव्याचा स्टँड पडून कोणाचे डोके फुटले, असे प्रसंग यात बसतात.

पॉलिसीवर दोन आकडे असतात. एक, एका अपघातासाठी जास्तीत जास्त किती. दुसरा, वर्षभरात मिळून किती. समजा, एका अपघाताला ५ लाख आणि वर्षाला १० लाख. शिवाय दर दाव्यातली सुरुवातीची ठरलेली रक्कम आपल्यालाच भरावी लागते. सही करण्यापूर्वी हे तिन्ही आकडे विचारून घ्यावेत.

आता यात काय येत नाही, ते जास्त लक्षपूर्वक वाचावे. आपल्याच ढोलवाल्याला शॉक बसला तर तो परका नाही, आपला कामगार आहे. त्याच्यासाठी कामगारांच्या भरपाईचा वेगळा विमा लागतो. गाडीने धडक दिली तर तो मोटार विम्याचा विषय, आणि गाडीवर परवान्याशिवाय सांगाडा चढवला असेल तर तिथेही अडचण येऊ शकते. दुरुस्तीसाठी आपल्या ताब्यात दिलेली कोणाची सतार आपल्याच हातून फुटली, तर "ताब्यातील माल" म्हणून ती बहुधा वगळलेली असते. सतारींची दुरुस्ती करणाऱ्या घरांनी हे कलम मुद्दाम विचारावे. जाणूनबुजून नियम मोडला असेल तर कंपनी हात वर करू शकते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि विमा घेतल्याने ती उठत नाही.

फौजदारी गुन्ह्यातही विमा आडवा येत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा पैशाची भरपाई देतो, शिक्षा वाटून घेत नाही. म्हणून स्पीकरला पट्टा बांधणे, वायरवर पट्टी चिकटवणे, ट्रॉलीची उंची वरच्या विजेच्या तारांपासून सांभाळणे, हे सगळे विम्याच्या आधीचे काम.

आकिला : आपल्याकडची जुनी व्यवस्था

विम्याचे नाव काढले की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, हे जायज आहे का? प्रश्न योग्यच आहे. व्याज, अनिश्चितता आणि जुगाराचा अंश ही तीन कारणे उलेमा सांगतात. १९८५ मध्ये जेद्दा येथे इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने ठराव केला की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर मदतीवर उभा असलेला सहकारी विमा जायज. मलेशियाने १९८४ मध्येच अशा विम्यासाठी तकाफुल कायदा केला होता. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पॉलिसीबद्दल कोणता निर्णय घ्यायचा, तो प्रत्येकाने आपल्या विश्वासातल्या आलिमांना आपली परिस्थिती नीट सांगून घ्यावा.

पण एक गोष्ट आम्हाला वाचकांसमोर ठेवायची आहे. नकळत झालेल्या नुकसानीचा भार एकट्यावर पडू नये, हा विचार परका नाही. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठी मृताच्या वारसांना दियत देण्याचा हुकूम आहे. ती दियत एकट्याने भरायची नसते. त्याच्या जवळच्या लोकांनी मिळून ती भरायची, आणि त्या लोकांना फिकहमध्ये आकिला म्हणतात. सुरुवातीला हे लोक म्हणजे बापाकडचे नातलग. हजरत उमर (रजि.) यांनी ती जबाबदारी दीवानवर, म्हणजे एका लष्करी नोंदवहीत नावे असलेल्यांवर टाकली. आणि बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या प्रसिद्ध हनफी ग्रंथात असाही विचार मांडला आहे की जिथे लोक एका पेशाच्या नात्याने एकमेकांच्या मदतीला उभे राहतात, तिथे त्या पेशाचे लोकच एकमेकांचे आकिला.

आकिला जीव आणि शरीराच्या नुकसानीपुरता आहे, मोडलेल्या वस्तूची भरपाई ज्याची त्यानेच द्यायची, हेही लक्षात असावे. तरी चाचांचा प्रसंग आठवून पाहा. त्या दिवशी त्यांच्याच तालुक्यात डझनभर बँड होते. सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांकडून ढोल उसने नेतात. पण आजींच्या ऑपरेशनच्या वेळी चाचा एकटेच होते.

पेशाने एकत्र येणे

ब्रिटनमध्ये वाद्यवादकांची म्युझिशियन्स युनियन ही संघटना १८९३ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झाली. आज तिच्या सभासदांना वर्गणीतच १ कोटी पौंडांचे सार्वजनिक दायित्व संरक्षण मिळते. लग्नात वाजवणारा असो की शाळेत व्हायोलिन शिकवणारा, तिथले अनेक हॉल आणि शाळा आधी हे प्रमाणपत्र मागतात. एकट्या वादकाला कंपनीकडे जाऊन अटी समजून घेणे जड जाते. हजारोंच्या वतीने संघटना बोलली की अटी आणि हप्ता दोन्ही सोपे होतात.

आपल्याकडेही अनेक गावांत बँड मालकांची मंडळे आहेत. ती प्रामुख्याने दर ठरवतात आणि पोलीस परवानगीच्या वेळी एकत्र येतात. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात असे आम्हाला वाटते. एक, सर्व सभासदांच्या वतीने विमा कंपनीकडून समूह पॉलिसीचा लेखी दर मागवावा. दर मागवायला पैसे लागत नाहीत. दोन, ज्यांना पॉलिसी घ्यायची नाही त्यांनी मंडळाचा मदत निधी उभा करावा. दर सुपारीमागे ठरावीक रक्कम, स्वतंत्र बँक खाते, तीन सह्या आणि वर्षाला सर्वांसमोर हिशेब. ही रक्कम अमानत आहे, तिच्यातून कोणाला उसने देऊ नये. बिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना हे काम पुरुषांपेक्षा चांगले जमते.

घरच्यांसाठी थोडे

सुपारी घेताना साधा कागद करावा. ट्रॉली कुठपर्यंत येईल, वीज कोणाची, गर्दी आवरायला माणसे कोणाची, हे त्यावर लिहावे. कार्यालयाचा कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, कारण करारात ओढवून घेतलेली जादा जबाबदारी पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. घरी क्लास घेणाऱ्यांनी पॉलिसीत घराचा पत्ता आणि शिकवण्याचे काम दोन्ही लिहिले आहे का, ते पाहावे. विद्यार्थ्याच्या घरी जाऊन शिकवत असाल तर तेही सांगावे.

आणि अपघात झालाच तर? आधी जखमीला दवाखान्यात न्या. भेटायला जा, विचारपूस करा, दुआ करा. यापासून कोणतीही कंपनी अडवत नाही. मात्र "इतके पैसे देईन" असे लिहून देण्यापूर्वी कंपनीला कळवा, कारण तिच्या संमतीशिवाय कबूल केलेली रक्कम ती नाकारू शकते. त्याच दिवशी फोटो काढा, साक्षीदारांची नावे लिहा, कंपनीला लेखी कळवा.

आजी आता काठी घेऊन चालतात. चाचा ईदला त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेले होते. यंदाच्या हंगामापूर्वी त्यांनी स्पीकरला लोखंडी पट्टे बसवून घेतले आणि तालुक्यातल्या सात बँडमालकांना घरी चहाला बोलावले. निधीचे खाते उघडले आहे. पॉलिसीच्या दरपत्रकाचे इंग्रजी कागद चाचांची अकरावीतली मुलगी वाचून दाखवते आणि वहीत मराठीत उतरवते. कोणी काय ठरवावे, हे ज्याचे त्याने पाहावे. पण पुढच्या वेळी कोणाच्या हातून चुकून काही घडले, तर तो एकटा नसेल, एवढे त्या आठ घरांनी ठरवले आहे. आपल्या गावातही हे होऊ शकते, इन्शाअल्लाह.